पाय अडकवायचे की मोकळे सोडायचे?

ऑस्ट्रियातलं लिओगांग, 2015. डाउनहिल विश्वचषकाच्या फेरीत अमेरिकेच्या ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. आता पेडल मारून उपयोग शून्य! तरी पठ्ठ्या उतार, वळणं आणि उसळ्या यांच्या जोरावर खाली पोचला, आणि तोही पहिला. दुसरा आला ऑस्ट्रेलियाचा कॉनर फिअरन, अर्ध्या दशांश सेकंदाहूनही कमी फरकाने. गंमत अशी की ग्विनचे बूट पेडलमध्ये अडकवलेले होते आणि फिअरन मोकळ्या पायांचा खंदा पुरस्कर्ता. पाय अडकवणाऱ्यांनी जल्लोष करावा, तर त्यांच्या गड्याने पेडल मारून तसूभरही वेग मिळवला नव्हता.

डोंगरउतारावरच्या सायकलबाजांमधला हा जुना वाद. फ्लॅट पेडल म्हणजे रुंद, सपाट पेडल, वर बारीक टोकदार पिना. त्या बुटाच्या रबरात रुततात आणि पाऊल चुकलं तर तितक्याच आवडीने नडगीतही रुततात. जुन्या फ्लॅटवाल्यांच्या नडग्या बघाव्यात! दुसरं ते क्लिपलेस, बोलताना नुसतं ‘क्लिप’. बुटाच्या तळाला धातूची क्लीट, ती पेडलमध्ये खटकन बसते. टाच बाहेर वळवली की सुटते. वेळेवर टाच वळवायचं सुचलं नाही, तर सिग्नलला उभ्या उभ्या आडवं व्हायचा मान मिळतो.

ही पाय अडकवायची हौस जुनी आहे. 1895 मध्येच चार्ल्स हॅन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने अशी एक युक्ती काढली होती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चिनेलीने ‘एम-71’ आणलं. त्यातून पाय सोडवायचा तर वाकून हाताने कळ सरकवावी लागे. लोकांनी त्याला जीवघेणं पेडल म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात काही अतिशयोक्ती नव्हती. खरी सुटका केली फ्रान्सच्या लूक कंपनीने. ती मुळात बर्फावरच्या स्कीची बाइंडिंग बनवणारी. पडल्यावर पाय आपोआप सुटावा हे तंत्र तिने 1984 मध्ये पेडलला लावलं. पुढच्याच वर्षी बर्नार इनो त्यावर तूर द फ्रान्स जिंकला. 1990 मध्ये शिमानोने एसपीडी काढलं. त्याची छोटी क्लीट बुटाच्या तळातल्या खाचेत लपते, त्यामुळे सायकलवरून उतरून चालता येतं. डोंगरातल्या मंडळींना नेमकं हेच हवं होतं.

आता सॅम हिलबद्दल. त्याच्याशिवाय हा विषय पूर्णच होत नाही. ऑस्ट्रेलियाचा हा गडी फ्लॅटवर 2007, 2009 आणि 2010 असा तीनदा डाउनहिल विश्वविजेता झाला. पण लोक सांगतात ती गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या शॅम्पेरीची. 2007च्या तिथल्या विश्वचषक फेरीत तो शेवटी सुटला, तोवर वादळी पाऊस कोसळू लागलेला. आधीचे बहुतेक जण कोरड्या वाटेवरून उतरून गेलेले. हा चिखलातून, गरज पडेल तिथे पाय टेकवत, तिसरा आला! डाउनहिलच्या इतिहासात तिसऱ्या क्रमांकाचं एवढं कौतुक क्वचितच झालं असेल. पुढे 2017, 2018, 2019 अशी सलग तीन वर्षं तो एंड्युरो वर्ल्ड सीरिजही जिंकला, फ्लॅटवरच. त्या शर्यतीत चढसुद्धा पेडल मारत चढावे लागतात. ‘चढाला क्लिपच हवी’ म्हणणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली.

फ्लॅटच्या यशात बुटाचाही मोठा वाटा. फाइव्ह टेन ही कंपनी गिर्यारोहक चार्ल्स कोलने काढली, कड्यावर चढणाऱ्यांसाठी. तिचं चिकट स्टेल्थ रबर पिनांवर असं धरून बसतं की पाय उचलताना मुद्दाम जोर लावावा लागतो. हाच चिकटपणा क्लिपवाल्यांना धातूतून मिळतो.

क्लिपच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा खडकाळ वाटेचा. धक्क्यांनी पाय पेडलवरून उडत नाही, त्यामुळे खडबडीतही जोरात पेडल मारता येतं. विश्वचषकातले बहुतेक स्पर्धक म्हणूनच क्लिप वापरतात. ‘पाय वर ओढून ताकद मिळते’ हा मुद्दा मात्र लंगडा आहे. एरवीच्या पेडलिंगमध्ये मुरलेले सायकलपटूही फारसे वर ओढत नाहीत. उलट क्लिपमुळे एक खोड लागते: उडी मारताना सायकल नुसती पायांनी उपटायची. फ्लॅटवर ही लबाडी चालत नाही. तिथे चवडा खाली झुकवून मागे रेटायचा, तेव्हा कुठे मागचं चाक उचलतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. शिकताना फ्लॅट, पावसाळ्यातल्या चिकट चिखलात फ्लॅट, हवेतल्या कसरतींना तर फ्लॅटच. वेग वाढला, शर्यतीची हौस आली, तर क्लिप घ्या. एसपीडी घेणार असाल, तर सुरुवातीला एसएच-56 क्लीट लावा; ती एकाहून जास्त दिशांनी सुटते. आणि पेडल घरी बदलणार असाल तर जपून, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. पाना वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्ही पेडलं सुटतात.