मृगाआधीचा हिशेब

आगोट हा शब्द घाटावर फारसा ऐकू येत नाही. किनारपट्टीवर मात्र तो दोन अर्थांनी चालतो. पाऊस तोंडावर आल्याचे दिवस म्हणजे आगोट, आणि त्या दिवसांत घरात भरून ठेवायचं सामान म्हणजेही आगोट. कोळ्या-आगऱ्यांच्या आणि कायस्थ प्रभूंच्या घरी आगोटीत सोडे, जवळा, सुके बोंबील येतात. बाकीच्यांकडे मिरच्या, चिंच, आमसुलं, कांद्याच्या माळा, लोणची. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला, पऱ्ह्यांना पाणी, साकव बुडालेले आणि भाजी म्हणून रानात उगवेल तेवढीच. आता 1 जूनपासून 31 जुलैपर्यंतची मासेमारीबंदी सरकारी नियमात आहे, पण तो नियम समुद्राने आधीच घालून दिला होता.

गोव्यात याच भरणीला पुरुमेंत म्हणतात. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'चं हे कोंकणी तोंडात घोळलेलं रूप. मडगावात होली स्पिरिट चर्चच्या परिसरात पावसाच्या आधी पुरुमेंताचें फेस्त भरतं आणि खारे मासे, मिरच्या, कांदे, विनेगर असलं सगळं तिथे मिळतं. शब्द पोर्तुगिजांचा, मिरचीही त्यांनीच आणलेली. पावसाची धास्ती तेवढी गावची.

साठवणीचं वेळापत्रक नक्षत्रांवर चालायचं. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागतात, 7-8 जूनला मृग. सांडगे, पापड, आमसुलं, फणसपोळी, लोणचं, सगळ्यांची मुदत मृगाची. एखाद्या घरी वाळवण मागे राहिलं आणि वळीव कोसळला, तर अर्धी मेहनत गच्चीवरच भिजायची. मला वाटतं, घरच्या काटकसरीवर लिहिताना आपण या तारखेकडे पुरेसं पाहिलेलं नाही. आपण पाहतो ते किमतीकडे.

'घरी केलेलं स्वस्त पडतं' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. यंदाच्या मे महिन्यात ते तराजूवर घालून पाहिलं. आत्याच्या घरी, गुहागरकडच्या एका आडगावात, पाच किलो कैरीचं लोणचं घातलं आणि प्रत्येक वस्तू वजन करून वहीत लिहिली. कोयी आणि देठ जाऊन फोडी भरल्या साडेतीन किलो. मीठ 700 ग्रॅम, म्हणजे आत्याच्या मापाने 'किलोला वाटी'. मोहरीची डाळ 400 ग्रॅम, तिखट 350, तेल सव्वा लिटर. शिवाय हळद, मेथी, हिंग. बिल मांडलं तेव्हा मोठा आकडा कैरीचा नव्हताच. तेल आणि मसाला मिळून कैरीच्या वर गेले होते. आणि ही कैरी बाजारातून आणलेली. आत्याच्या परसातली असती तर फळाचा खर्च शून्य आला असता, पण तेलाचं झाड कोणाच्याच परसात नसतं.

बाजारात स्वस्तातली बरणी मिळते ती आमच्या बरणीपेक्षा फार महाग नव्हती. खरं सांगायचं तर काही वेळा ती स्वस्तच पडते. तयार लोणच्याला नावं ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण गिरगावात बेडेकरांचं दुकान 1910 सालापासूनचं आहे. विकतचं लोणचं म्हणजे आळशी सुनेची सोय, हा समज त्याआधीपासूनचा असेल, पण तो मुंबईच्या खोलीत कधी टिकला नाही. दहा बाय दहात बरण्या ठेवायच्या कुठे?

मग पैसा वाचत कुठे होता? बरणीत तो फारसा वाचतच नव्हता. तो वाचायचा बरणीच्या अलीकडे, फेकून द्यायच्या वस्तूत. वळवाच्या वाऱ्याने कैऱ्या गळतात. त्या गळीला बाजारात भाव नसतो. तिच्या फोडी मीठ लावून वाळवल्या की आंबोशी होते, मिठाच्या पाण्यात घातल्या की खारातल्या कैऱ्या, आणि आषाढातल्या आमटीला आंबटपणा फुकटात मिळतो. फणस एकदम पिकतात, दहा-दहा. कापा फणस कापून खाता येतो, बरका हातात धरवत नाही इतका लिबलिबीत. म्हणून बरक्याची फणसपोळी. आठळ्या राखेत किंवा मातीत घोळून ठेवायच्या, त्या श्रावणापर्यंत भाजीत पडतात.

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, गोष्ट तर मला फार आवडते. फळ कापून साली वेगळ्या केल्या, की गराच्या रसात मीठ घालून त्या साली बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. अशी पुटं देत देत साल काळी-लालसर, चामट होते. ते आमसूल. उरलेला खारा रस म्हणजे आगळ, तो बाटलीत. बिया राहिल्या, त्या वाळवून, फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. ते थंड झालं की घट्ट होतं, त्याचे मुठीत वळून गोळे करतात, म्हणून मुठेल. थंडीत टाचांच्या भेगांना तेच. एका फळातून आमटीचा आंबटपणा, उन्हाळ्याचं सरबत आणि औषध. 2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या बायकांनी त्या फळातलं काही फेकायचं नाही हे त्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. अडचण एकच: रातांबा पिकतो ऐन मृगाच्या तोंडावर, आणि पाऊस लवकर आला की कितीतरी फळ झाडाखालीच सडतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पावसाच्या आधी हाती येणाऱ्या जातीवर काम केलं ते याचसाठी.

घाटावर गेलं तरी हीच युक्ती धान्यात दिसते. कुरडयांना गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा. चीक शिजवून सोऱ्यातून पाडला की कुरडई. गाळणीवर चोथा राहतो. त्याच्या भुसवड्या करतात: मीठ, तिखट, जिरं घालून थापलेल्या, उन्हात वाळवलेल्या. पाहुण्यांपुढे कुरडई, घरच्यांच्या ताटात भुसवडी. मला लहानपणी भुसवडीच आवडायची, आणि आईला त्याचं वाईट वाटायचं. खानदेशात ज्वारीच्या बिबड्या, विदर्भात मुगवड्या. कोहळ्याचे सांडगे तर सगळीकडे. दुष्काळी भागात मात्र या वाळवणाला चोचल्याचा वास नाही. पावसाने ताण दिला की भाजीच नसते, आणि पाटवडी, सांडगे, वाळवलेली गवार यांवरच कालवण निघतं.

बरणीत माल टिकतो कसा, हे घरात कधी कुणी शास्त्र म्हणून सांगितलं नाही. नियम सांगितले. हात कोरडे हवेत. फोडी कापडावर पसरून पुसून घ्यायच्या. बरणी उन्हात तापवायची, हिंगाची धुरी द्यायची. लोणच्यावर बोटभर तेल उभं राहिलं पाहिजे. यातला प्रत्येक नियम पाण्याशी आणि हवेशी आहे. मीठ आणि साखर फळातलं पाणी बांधून ठेवतात, मग बुरशीला आणि जंतूंना ते वापरता येत नाही. कैरीचा आंबटपणा त्यांना आणखी जेरीस आणतो. तेलाचा थर हवा अडवतो. फेसलेल्या मोहरीचा नाकात जाणारा झणका, तोही जंतूंना सोसत नाही.

भारतीय अन्नसुरक्षेचे नियम वाचताना मला हसू आलं, कारण तिथेही बोटभर तेल आहे, फक्त सेंटिमीटरमध्ये: तेलातल्या लोणच्यावर किमान 0.5 सेंटिमीटर तेलाचा थर, नाहीतर एकूण मालात किमान 10 टक्के तेल. खारातल्या लोणच्याला किमान 12 टक्के मीठ. आमच्या पाच किलो कैरीच्या लोणच्यात मीठ एकूण वजनाच्या साडेअकरा टक्के भरलं, शिवाय वर तेल. वाटीने मोजणारी आत्या प्रयोगशाळेच्या इतक्या जवळ कशी आली, याचं मला कोडं वाटत नाही. जिची वाटी चुकली तिचं लोणचं नासलं, आणि पुढच्या वर्षी तिने वाटी बदलली. जॅमला नियमाप्रमाणे विद्राव्य घन पदार्थ 65 टक्के लागतात. साखरांबा पक्क्या पाकाचा झाला की तो त्याच्या आसपासच असतो.

एक नियम मात्र मी वहीतून खोडला. पाळीतल्या बाईने लोणच्याला शिवू नये, शिवलं तर नासतं. लोणचं नासतं ओल्या हाताने, ओल्या चमच्याने, मीठ कमी पडल्याने. पाळीचा त्यात काही संबंध नाही. कुणाकडून तरी बरणीत पाणी पडायचं, बुरशी धरायची, आणि दोष सगळ्यात धाकट्या सुनेच्या माथी जायचा. हा हिशेब कोणी कधी मांडला नाही.

आणखी एक सावधगिरी, कारण अलीकडे घरोघरी आमरस उकळून बाटल्यांत भरण्याची हौस वाढली आहे. आंबट फळ उकळत्या पाण्यात बाटलीबंद करणं चालतं. मटार, मका, फरसबी असल्या भाज्या मात्र तशा भरू नयेत. त्यांचा पीएच 4.6 च्या वर असतो आणि तिथे जीवघेणं विष तयार करणारे जंतू साध्या उकळीने मरत नाहीत. पिकलेला हापूस या रेषेच्या फार खाली नसतो. त्यात थोडं सायट्रिक आम्ल घातलेलं बरं.

साखरेचीही एक गोष्ट आहे. मुंबईत 1943 साली रेशनिंग आलं आणि पुढे कित्येक वर्षं साखर कार्डावर मोजून मिळत राहिली. चहाला पुरवायची साखर मुरांब्यात कोण ओतणार? तिथे गूळ उभा राहिला. कैरीचा गुळांबा साखरांब्याचा गरीब भाऊ समजला जातो, पण त्याला रंग आणि चव अधिक असते असं माझं मत आहे, आणि ते रेशनशी काही संबंध नसताना बनलेलं आहे.

लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 मध्ये आलं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 मध्ये. मधल्या काळात घरातलं माप बदललं. मेट्रिक वजनं 1962 पासून सक्तीची झाली. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप धरलं आणि सासूपासून लांब बिऱ्हाड केलेल्या मुलीला लोणचं घालता येऊ लागलं. काटकसर आईच्या हातातून पुस्तकात गेली, ही लहान गोष्ट नव्हे.

वहीत मी एक रकाना तासांचाही ठेवला होता. कैऱ्या धुणं, पुसणं, फोडी करणं, मीठ लावून ठेवणं, मसाला भाजणं-कुटणं, कालवणं, बरण्या भरणं: दोन दिवसांत मिळून दोघींचे अकरा तास. सगळ्यात कमी मजुरीचा दर धरला तरी आमचं लोणचं दुकानातल्या सगळ्यात महागड्या बरणीपेक्षा महाग पडलं. म्हणजे 'स्वस्त पडतं' हे वाक्य बाईचे तास शून्य रुपयांनी गुणले तरच खरं ठरतं. चाळीत पापड लाटायला शेजारणी जमायच्या; आज तुझे, उद्या माझे. तो व्यवहार चोख होता, पण पैशांत उतरत नव्हता.

तो उतरला 15 मार्च 1959 रोजी, गिरगावातल्या एका गच्चीवर. सात गुजराती बायकांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या छगनलाल पारेखांकडून 80 रुपये उसने घेतले आणि उडदाचे पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं. वर्षाअखेर विक्री 6,196 रुपयांची. पुढे त्याचं 'लिज्जत' झालं. यंत्राने पापड करणं त्यांना अशक्य नव्हतं. त्यांनी लाटणं घरीच ठेवलं: सकाळी केंद्रातून भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवलेले पापड परत आणून तोलायचे आणि वजनाप्रमाणे पैसे घ्यायचे. पिठापेक्षा तराजूची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घरात पापडाचं वजन कधी कुणी केलंच नव्हतं. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

त्याच शहरात 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी महागाईविरोधात संयुक्त समिती केली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. ज्या लाटण्याने घरातले चार पैसे वाचवायचे, तेच घेऊन. त्यांचं म्हणणं असं की तेलाचा, धान्याचा भाव कुणीतरी वरून चढवत असेल तर आमच्या बरण्या काय करणार? माझ्या बिलातला तेलाचा आकडा पाहताना ते मला पटलं.

गावात आता बचत गटांच्या बायका आमसूल, आगळ, फणसपोळी पाकिटात भरतात, त्यावर वजन आणि तारीख छापतात. आत्या गटात नाही. तिचं लोणचं मुंबईला, पुण्याला, एक बरणी दुबईला जाते. पैसे कुणी देत नाही, ती मागत नाही. या मेमध्ये निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला वहीतला तासांचा रकाना दाखवला. अकरा. तिने चष्मा लावून पाहिलं, बोट ठेवून पुन्हा पाहिलं.

"तास लिहायचे तर माझ्या सासूबाईंपासून लिही," ती म्हणाली. "आणि आधी ती बरणी पुसून दे. तळाला ओल दिसत्ये."