शरियत आणि सत्ता (भाग ७): साताऱ्याच्या वेढ्यातला निवाडा

संसदेची विधेयकं शरियतेत बसतात का हे तपासणाऱ्या इराणच्या पालक मंडळाने कामगार कायदा कसा अडवून धरला, ते आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. नेरुळच्या एका वाचकाने विचारलंय की, आपल्याकडे इतकी वर्षं सुलतान-बादशहांचा अंमल होता, तेव्हा राजाचा हुकूम शरियतेत बसतो का, हे तपासणारं कोणी होतं की नाही?

होतं. काझी होते, मुफ्ती होते. त्यांचं कितपत चालायचं, याचा दाखला थेट साताऱ्याचा आहे.

डिसेंबर १६९९. औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्याला, वेढा घातला. छावणी करंज्याला, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. रमजानच्या दिवसांत गडावरून छापा घालायला उतरलेल्या तुकडीतले नऊ हिंदू आणि चार मुसलमान पकडले गेले. बादशहाने दरबारचा काझी मुहंमद अक्रम याला सांगितलं, मुफ्तींना घेऊन बसा आणि यांचं काय करायचं ते कळवा. काझीने कळवलं: हिंदू इस्लाम स्वीकारत असतील तर सोडावेत, मुसलमानांना तीन वर्षं कैदेत ठेवावं.

बादशहाने त्याच कागदावर शेरा मारला. हा निवाडा हनफी मताप्रमाणे झाला. राज्यावरची पकड सुटणार नाही असा दुसरा काढा. आपण काही शियांसारखे एकाच मताला बांधलेले नाही, सुन्नींची चार मतं आहेत आणि चारही खरी आहेत. कागद परत गेला. काझी-मुफ्तींनी नवा निवाडा लिहिला: ‘फतावा-ए-आलमगिरी’ या फतव्यांच्या संग्रहाच्या आधारे सगळ्यांना देहदंड. बादशहाने मान्यता देताना बजावलं की, मुंडकी पाहिल्याशिवाय रोजा सोडणार नाही. सूर्यास्ताच्या सुमारास ती त्याच्यापुढे आणली गेली.

ही हकीकत ‘अहकाम-ए-आलमगिरी’त आहे. हमीदुद्दीन खानाच्या नावावर असलेलं हे फारसी पुस्तक जदुनाथ सरकारांनी इंग्रजीत आणलं.

सगळेच काझी असे वाकले नाहीत. अक्रमच्या आधी याच पदावर असलेल्या शेख-उल-इस्लामने, विजापूर आणि गोवळकोंडा या मुसलमान राज्यांवरची स्वारी शरियतेला धरून नाही, असं बादशहाला तोंडावर सांगितलं. त्याने पद सोडलं, मक्केची वाट धरली. विजापूर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. त्याच्या नकाराला बादशहाला अडवण्याचं बळ नव्हतं.

इराणमध्ये असा नकार घटनेत लिहिलेला आहे. संसदेचं प्रत्येक विधेयक पालक मंडळाकडे जातं, दहा दिवसांत उत्तर यावं लागतं. ते इस्लामला धरून आहे का, हे मंडळातले सहा फकिह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, बहुमताने ठरवतात. घटनेचा प्रश्न असेल तर मंडळातले बाराही जण मत देतात. इथे कागद राज्यकर्त्यांकडे परत येतो. साताऱ्यात तो काझीकडे परत गेला होता. मात्र हे सहा फकिह नेमतो सर्वोच्च नेता, आणि अक्रमही बादशहाचाच माणूस होता. म्हणून अशी कुठलीही संस्था समजून घेताना मी आधी नेमणुकीचं कलम काढून बसतो.

वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जानेवारी १९८८ मध्ये इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी लिहिलं की, इस्लामी राज्याचा अधिकार नमाज, रोजा आणि हज यांच्याही आधी येतो. मत बदलण्याची सोय औरंगजेबाने सुन्नींच्या चार मतांत शोधली होती. शियांच्या देशात ती ‘मसलहत’, म्हणजे राज्याचं हित, या नावाने आली. संसद आणि पालक मंडळ यांच्यातला पेच सोडवायला त्याच वर्षी खोमेनींनी वेगळी परिषदच नेमली. अडकलेला कामगार कायदा अखेर १९९० मध्ये तिथूनच सुटला. तो कसा, ते पुढच्या आठवड्यात.