विश्लेषण : कुत्र्याच्या खाद्याची तपासणी नेमकी कोणाची?

दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी खवा, मिठाई आणि खाद्यतेलाचे नमुने घेतात. त्याच रस्त्यावरच्या पेट शॉपमध्ये कुत्र्या-मांजरांच्या खाद्याची पोती रचलेली असतात, पण हे पथक त्यांना हात लावत नाही. यात अधिकाऱ्यांची हयगय नाही. कायद्याने त्यांना तो अधिकारच दिलेला नाही. मग तो कोणाकडे आहे?

अन्नाची व्याख्या काय सांगते?

देशातील अन्नपदार्थांवर नियंत्रण ठेवणारा कायदा म्हणजे ‘अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६’. या कायद्यानुसार अन्न म्हणजे माणसाने खाण्यासाठी असलेला पदार्थ. जनावरांचे खाद्य या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. त्यामुळे पेढे करणाऱ्या छोट्या दुकानदारालाही नोंदणी किंवा परवाना लागतो, मात्र श्वानखाद्य तयार करणाऱ्या कारखान्याला या कायद्याखाली परवाना लागत नाही. नमुने घेणे, दोषी माल बाजारातून परत मागवणे, दंड करणे या तरतुदीही तिथे लागू होत नाहीत.

अमेरिकेच्या १९३८च्या कायद्यात हीच व्याख्या ‘माणूस किंवा इतर प्राणी यांच्या खाण्यापिण्याच्या वस्तू’ अशी आहे. म्हणून तिथे माणसाच्या अन्नावर लक्ष ठेवणारी यंत्रणाच कुत्र्याच्या खाद्याचीही तपासणी करते.

गाई-म्हशींच्या खाद्याकडे लक्ष, मग कुत्र्याच्या का नाही?

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. ‘गोकुळ’सारखा दूध संघ स्वतःचे पशुखाद्य बनवतो. जनावराने बुरशीचे खाद्य खाल्ले तर त्यातील अफ्लाटॉक्सिन या विषाचा अंश दुधात उतरतो, हे इथल्या दूध उत्पादकांना ठाऊक आहे. २०१८च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये ‘एफएसएसएआय’ने दुधाळ जनावरांच्या तयार खाद्याला भारतीय मानक ब्यूरोचे निकष लावण्याचे निर्देश काढले. अंमलबजावणीला पुढे मुदतवाढ मिळत गेली, पण निदान विषय ऐरणीवर आला.

यामागचे कारण उघड आहे. गाईचे दूध माणसाच्या पोटात जाते. कुत्र्या-मांजरांकडून माणसाच्या ताटात काहीच येत नाही, म्हणून त्यांचे खाद्य अन्नसुरक्षेच्या चौकटीबाहेर राहिले. कर लावताना मात्र हा फरक नेमका उलटा झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गुरांचे खाद्य करमुक्त राहिले आणि किरकोळ विक्रीच्या श्वानखाद्यावर १८ टक्के कर लागला.

मग कोणताच नियम नाही का?

आहेत, पण तुकड्यातुकड्यांत. भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ११९६८’ हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे मानक आहे. मात्र ते ऐच्छिक आहे. ते न पाळताही माल विकता येतो.

वैधमापनशास्त्र विभागाचे २०११चे नियम पाकिटावरील वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क यांच्याशी संबंधित आहेत. आत काय भरले आहे, याची परीक्षा हा विभाग करत नाही. परदेशातून येणाऱ्या खाद्यासाठी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना लागतो. म्हणजे बंदरावर तरी कागद तपासले जातात. देशात तयार झालेल्या मालासाठी तशी व्यवस्था नाही.

पेट शॉपसाठी २०१८चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यानुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पण ते नियम प्राण्यांच्या विक्रीबद्दल आहेत. केवळ खाद्य विकणारे दुकान त्यात येत नाही.

काही पाकिटांवर ‘एएएफसीओ’चा उल्लेख असतो. ही अमेरिकेतील खाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना आहे. ती पोषणाचे निकष सुचवते, पण कोणत्याही उत्पादनाला मान्यता किंवा प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे हा उल्लेख म्हणजे सरकारी तपासणीचा शिक्का नव्हे.

धोका खरोखर आहे का?

मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत ‘मेन्यू फूड्स’ या कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सुमारे सहा कोटी डबे आणि पाकिटे परत मागवली. मूत्रपिंडे निकामी होऊन प्राणी दगावल्याच्या हजारो तक्रारी आल्या होत्या. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेले निघाले. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. त्यामुळे भेसळीचा माल कागदावर उत्तम दिसत होता.

पुढच्याच वर्षी हीच युक्ती चीनमध्ये दुधात वापरली गेली. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा बालके दगावली. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चिनी दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली. माणसांच्या दुधावर आलेल्या संकटाची चुणूक वर्षभर आधी कुत्र्यांच्या खाद्यात दिसली होती.

दुसरा धोका बुरशीचा. मका, शेंगदाणा पेंड दमट जागी राहिली की त्यावर अफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी वाढते. खाद्य शिजवताना बुरशी मरते, पण विष बरेचसे टिकून राहते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एका कंपनीचे श्वानखाद्य याच कारणाने परत मागवले गेले. त्या प्रकरणात ११०हून अधिक प्राणी दगावल्याच्या तक्रारी तिथल्या प्रशासनाने नोंदवल्या. तिथे हा आकडा समोर आला, कारण तक्रार घेणारी आणि नमुना तपासणारी यंत्रणा होती. आपल्याकडे आकडा नाही, याचा अर्थ आजार नाही असा काढता येत नाही.

कोल्हापूरकरांनी काय पाहावे?

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कारवान आणि मुधोळ जातीची शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-दुधावर वाढली. आता शहरातल्या घरांत तयार खाद्य रुळले आहे. इथल्या पावसाळ्यातील दमट हवा अशा खाद्याला मानवत नाही.

मोठ्या पोत्यातून काढून किलोवर दिले जाणारे सुटे खाद्य टाळावे. सुट्या खाद्याबरोबर उत्पादकाचे नाव, तारीख आणि बॅच क्रमांक येत नाही, त्यामुळे पुढे तक्रारीला आधार उरत नाही. बंद पाकीट घ्यावे, बिल घ्यावे, खाद्य संपेपर्यंत पाकीट फेकू नये. उघडलेले खाद्य झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे. कुबट वास, गुठळ्या किंवा बुरशी दिसली तर ‘जनावरच आहे, चालतं’ म्हणून पुढे करू नये. नेहमीचे खाद्य कुत्र्याने अचानक नाकारले, तर त्याकडेही दुर्लक्ष करू नये.

जनावर आजारी पडले तर दाद कुठे?

खाणे सोडणे, वारंवार उलट्या, सुस्ती, डोळ्यांत आणि हिरड्यांवर पिवळेपणा, लघवीत बदल अशी लक्षणे दिसताच खाद्य थांबवून पशुवैद्यकाकडे जावे. उपचारांची कागदपत्रे, बिल, पाकीट आणि उरलेले खाद्य जपून ठेवावे. जनावर दगावले तर शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. त्याशिवाय खाद्य आणि मृत्यू यांचा संबंध दाखवणे कठीण जाते.

कायद्याचा आधार इथे ग्राहक म्हणून मिळतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची भरपाई मागता येते. जिल्हा ग्राहक आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. प्राथमिक तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. अनेक ग्राहकांना सारखाच त्रास झाला असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते. असुरक्षित वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते.

यातील अडचण एकच. हे सारे मार्ग जनावर आजारी पडल्यानंतरचे आहेत आणि पुरावा जमवण्याचा भार मालकावर पडतो.

उपाय काय?

त्यासाठी नवा कायदाच हवा असे नाही. मानक ब्यूरोच्या २०१६च्या कायद्यानुसार केंद्र सरकार गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून ऐच्छिक मानक बंधनकारक करू शकते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना याच मार्गाने आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. श्वानखाद्याचे मानक तयारच आहे. ते सक्तीचे करणे आणि दुकानातून नमुना घेण्याचा अधिकार एका ठरावीक विभागाकडे देणे, एवढी दोन पावले टाकली तरी पोत्याला कोणीतरी जबाबदार राहील. तोवर कुत्र्याच्या ताटलीत काय पडते, याचा निरीक्षक त्याचा मालकच.