पन्नास आसनांचा हिशेब

नागपूरच्या जरीपटक्यातल्या सिंधी घरांत नांदेडचं नाव हात जोडूनच निघतं. फाळणीनंतर इथं वसलेल्या या समाजात गुरू नानकांची भक्ती पिढीजात. त्यामुळे तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं दर्शन आलंच. जायचं म्हणजे रेल्वे, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स. मग जून २०२४ मध्ये नागपूर-नांदेड विमान सुरू झालं. ते कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या ‘स्टार एअर’चं होतं.

या कंपनीचं पहिलं प्रवासी उड्डाण २५ जानेवारी २०१९ रोजी बंगळूरुहून हुबळीला झालं. मुख्यालय बंगळूरुत असलं तरी डोळा बेळगाव, कोल्हापूर, कलबुर्गी अशा गावांवर होता. त्यासाठी घेतलेलं ब्राझीलचं पन्नास आसनी एम्ब्रेअर ईआरजे-१४५ मोठं गमतीदार विमान आहे. लांबट, सडपातळ, इंजिनं शेपटाकडे. आत डावीकडे एक आसन, उजवीकडे दोन. मधल्या खुर्चीत चेपून बसायची भानगडच नाही. सहा फुटी माणसानं मात्र डोकं सांभाळावं. दारालाच पायऱ्या असल्यानं शिडीच्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. आडगावच्या विमानतळावर ही सोय फार मोलाची.

तासाभराच्या प्रवासाला काही आसनं सुमारे २५०० रुपयांत द्यायची आणि तूट सरकारनं भरून द्यायची, ही केंद्राच्या ‘उडान’ योजनेची मूळ रीत. पण ही मदत तीनच वर्षांची. त्याच योजनेवर नांदेड, कोल्हापूर, जळगावला उडणाऱ्या ‘ट्रूजेट’ची पंख्याची एटीआर विमानं इंधनाला स्वस्त होती, तरी २०२२ मध्ये ती जमिनीवर आली. स्टार एअर टिकली. माझ्या मते त्यात नुसत्या हुशारीपेक्षा पाठीशी असलेल्या उद्योगसमूहाचा वाटा मोठा.

एप्रिल २०२२ मध्ये तिनं नागपूर-बेळगाव जोडलं. हवाई अंतर साडेसातशे किलोमीटर. एवढ्या अंतरावर पंख्याच्या विमानापेक्षा जेट सरस ठरतं. २०२३ मध्ये ७६ आसनी ई-१७५ विमानं आली, त्यात १२ आसनं बिझनेस क्लासची. मे २०२५ मध्ये कोल्हापूर-नागपूर सुरू झालं. तोवर जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी गाडी: दुपारी बसा, रात्र काढा, दुसऱ्या दुपारी उतरा.

आता प्रश्न वाढलेल्या २६ आसनांचा आहे. सणासुदीला, लग्नसराईत ती भरतील. आषाढातल्या मंगळवारी कोण बसणार? आणि नांदेडला दर्शनाला निघालेलं कुटुंब बिझनेस क्लासचं तिकीट काढेल, असं मला तरी वाटत नाही.