कॉम बारा

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी मी छोटासा प्रोग्रॅम लिहिलाय. काट्यावर पेटी ठेवली की वजन कॉम्प्युटरमध्ये येतं आणि लेबल छापून निघतं. तिथला कॉम्प्युटर विंडोजचा, तर नाशिकला सिडकोतल्या माझ्या टेबलावर उबुंटू.

सुरुवातीला मी लॅपटॉपमध्येच व्हर्च्युअल मशिन करून त्यात विंडोज ठेवलं होतं. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. माझ्याकडे एकूण रॅमच ८ जीबी. कोडची एक ओळ बदलायची तरी आतलं विंडोज सुरू करा, त्याचे अपडेट सोसा, मग कंपाइल करा. तोवर काय बदलायचं होतं तेच विसरायला व्हायचं.

मग मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ बसवला. हा क्रॉस-कंपायलर चालतो लिनक्सवर, पण फाईल बनवतो विंडोजची. काही सेकंदांत ईएक्सई तयार! ती हेक्स एडिटरमध्ये उघडली, तर पहिलीच दोन अक्षरं एम आणि झेड. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉसवर काम करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं. आजही ईएक्सईची सुरुवात त्यांनीच होते.

खुशीत पेनड्राइव्ह घेऊन पॅकहाऊसला गेलो. क्लिक केलं, तर एक डीएलएल सापडत नसल्याची पाटी. सी प्लस प्लसची लायब्ररी माझ्याकडेच राहिली होती. घरी येऊन ‘स्टॅटिक’ हा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल केलं. लायब्ररी ईएक्सईच्या पोटातच गेली.

दुसऱ्या खेपेला प्रोग्रॅम उघडला, पण वजन येईना. काट्याची वायर यूएसबी अडॅप्टरमधून येते. नवा अडॅप्टर लावला की विंडोज बहुधा नवा पोर्ट नंबर देतं. तिथे तो कॉम १२वर पोचला होता. विंडोजमध्ये कॉम ९पर्यंतचे पोर्ट नुसत्या नावाने उघडतात. दहापासून पुढे नावाआधी दोन उलट्या तिरप्या रेघा, टिंब आणि आणखी एक तशीच रेघ लागते. कंपायलरच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं, कारण पोर्टचं नाव म्हणजे त्याच्या लेखी नुसती अक्षरं. चूक माझी होती, आणि ती दिसायला खरंखुरं विंडोजच हवं होतं.

घरी व्हर्च्युअल मशिन पुन्हा सुरू केलं, अडॅप्टर त्याला जोडला, डिव्हाइस मॅनेजरमधून मुद्दाम कॉम १२ नंबर दिला. तीच चूक समोर आली. नावाआधीच्या त्या चार खुणा घातल्या आणि वजन यायला लागलं.

तेव्हापासून कंपाइल उबुंटूवर आणि चाचणी व्हर्च्युअल मशिनमध्ये. आतल्या विंडोजमध्ये कंपायलर मुद्दामच ठेवलेला नाही. तो असला की त्याच्या लायब्ररी हाताशी असतात आणि राहिलेली डीएलएल कळत नाही. कोऱ्या विंडोजचा स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय, दर चाचणीनंतर तिथे परततो. चाचणीला अर्धा तास जातो खरा, पण निफाडची खेप वाचते.