कर्जत-खालापूरचे जलाशय आणि त्यांच्या नोंदींचे जतन

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असले, तरी तिथून वाहणारे सगळे पाणी कोकणातले नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी १९१५पासून टाटांच्या खोपोली वीजगृहातून पाताळगंगेत येते. ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२पासून भिवपुरी वीजगृहातून उल्हास नदीला मिळते. हे दोन्ही प्रवाह मुळात भीमा खोऱ्याचे. याच टापूत धावरी नदीवरचे मोरबे धरण नवी मुंबईला पाणी पुरवते आणि शार्लोट तलाव माथेरानला. त्यामुळे खालच्या पाण्यात काही बदलले, तर त्याचे कारण घाटमाथ्यावरच्या तलावात असू शकते. दोन्हीकडच्या नोंदी एकत्र वाचता आल्या, तरच ते सापडते.

तलावाच्या परिसंस्थेचा अभ्यास दोन-तीन वर्षांत उरकत नाही. इथल्या जलाशयांत बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते आणि प्रत्येक पावसाळा निराळा असतो. उन्हाळ्यात खोल जलाशयाचा वरचा थर तापून हलका होतो, तळाच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, गाळातले लोह आणि मँगनीज पाण्यात उतरू लागतात. हा नेहमीचा ऋतुक्रम आहे की बिघाडाची सुरुवात, हे ठरवायला दशकांच्या नोंदी लागतात. इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावाच्या नियमित नोंदी १९४५पासून आहेत, तर अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या तलावांचा दीर्घकालीन प्रकल्प १९८१पासून चालू आहे.

आपल्याकडे नोंदी होतात, पण वेगवेगळ्या दारांत. धरणाची पातळी धरणाचे व्यवस्थापन पाहणारी यंत्रणा ठेवते, पाऊस हवामान खाते आणि महसूल मंडळांतली ‘महावेध’ केंद्रे मोजतात, नद्यांच्या पाण्याची प्रत तपासण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. पातळी रोजची, प्रत ठरावीक अंतराने आणि मासे-प्लवकांच्या नोंदी एखाद्या प्रबंधापुरत्या. हे सारे जुळवायचे, तर प्रत्येक ठिकाणाला कायमचा संकेतांक, अक्षांश-रेखांश आणि मोजणीची नेमकी वेळ हवी.

एकके हा पुढचा अडसर. एका कागदावर फूट, दुसऱ्यावर मीटर. साठा कुठे टीएमसीत, कुठे दशलक्ष घनमीटरमध्ये. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. जलवर्ष १ जूनला सुरू होते, कॅलेंडर जानेवारीत. प्राण्यांची शास्त्रीय नावेही बदलतात: पुंटियस टिक्टो हा मासा २०१२पासून पेथिया टिक्टो म्हणून ओळखला जातो. संगणकाला हे सांगितले नाही, तर एक मासा नाहीसा झाला आणि दुसरा अवतरला, असा निष्कर्ष निघेल. म्हणून मूळ नाव पुसायचे नाही, नवे नाव शेजारच्या रकान्यात लिहायचे.

संगणक प्रणालींचे आयुष्य तलावांपेक्षा फार कमी असते. १९९५मध्ये सुरू झालेल्या भारताच्या जलविज्ञान प्रकल्पात नोंदी भरण्यासाठी ‘एसडब्ल्यूडीईएस’ आणि विश्लेषणासाठी नेदरलँड्सची ‘हायमॉस’ प्रणाली होती; पुढे ‘ई-स्विस’ ही महाजालावरची व्यवस्था आली. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले शेरे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाहीत. स्प्रेडशीट ३/७ ही तारीख कधी ३ जुलै समजते, कधी ७ मार्च. यावर उपाय साधे आहेत: युनिकोड मजकूर, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि कोणत्याही प्रणालीत उघडणारी सीएसव्ही फाइल.

कच्च्या नोंदींना हात लावायचा नाही, हा मुख्य नियम. पाण्यात ठेवलेल्या सेन्सरवर शेवाळ चढते आणि आकडे हळूहळू सरकतात. ते दुरुस्त करायचे ते वेगळ्या प्रतीत, संशयास्पद आकड्याला खूण करून, आणि दुरुस्ती करणारी आज्ञावली आवृत्तीसह जपून. जगभरातल्या तलाव-अभ्यासकांच्या ‘ग्लिऑन’ या जाळ्याशी जोडलेली ‘आरलेक-अ‍ॅनालायझर’सारखी साधने सर्वांना खुली आहेत. तापमानाच्या नोंदींवरून पाण्याचे थर कसे ठरवले, हे त्यांच्या आज्ञावलीत कोणालाही तपासता येते.

उरतो सांभाळाचा प्रश्न. प्रबंध संपतो, अधिकारी बदलतो, संगणक मोडीत जातो. म्हणून नोंदींचा संच एका माणसाच्या नव्हे, संस्थेच्या नावावर असावा. प्रती निदान दोन ठिकाणी असाव्यात. सोबत कोणी, कुठे, कोणत्या उपकरणाने, किती खोलीवर मोजले याचा तपशील असावा आणि वापराच्या अटी स्पष्ट असाव्यात. कर्जत-खालापूरचे पाणी एकाहून अधिक खोऱ्यांचे आणि अनेक यंत्रणांचे आहे. त्याच्या नोंदी या रीतीने एकत्र ठेवल्या, तर वीस वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.