घाट चढताना डिझेलच का?

हापूसच्या पेट्या लादून रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेला पिकअप आंबा घाट चढतो (नावही काय जुळलंय!), तेव्हा कानावर येणारी धडधड बहुधा डिझेलची असते. पेट्रोल ठिणगीनं पेटतं. डिझेलला ठिणगी लागतच नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं ना? तसंच इथं हवा 16-18 पट दाबली जाते, 500 अंशांपुढे तापते आणि त्यात उडालेला डिझेलचा फवारा आपोआप भडकतो. एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिन दणकट, जड आणि महागही. पण टर्बोच्या जोडीनं कमी फेऱ्यांतच भरपूर जोर मिळतो. वळणावर गाडी दम सोडत नाही. मग हायब्रिड का नको? हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते, त्यामुळे तिची खरी कमाई शहरातल्या सिग्नलांवर. गावातल्या गावात हलकाच माल पोचवायचा असेल, तर मी पेट्रोलवर भागवीन.